धर्म न बदलता

9 जानेवारी 2023, सोमवार. त्या दिवशी आम्ही दोघांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन लग्नाची नोटीस दिली. मी हिंदू, तो रोमन कॅथलिक. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी पतपेढीत काम करते, त्याचं तिथेच मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पतपेढीच्या बोअरवेलचा पंप जळला तेव्हा तो आला होता, त्याला आता सात वर्षं झाली. लग्न करायचं ठरलं तेव्हाच आम्ही एक गोष्ट पक्की केली होती. धर्म कुणीही बदलायचा नाही. मी देवळात जाईन, तो चर्चमध्ये जाईल. मला वाटायचं, यात कुणाला अडचण येण्यासारखं काही नाही. पण पुढचे अडीच महिने मी हेच सांगत राहिले आणि कुणाला ते खरं वाटलं नाही.

त्याआधी दोन्ही घरांनी आपापले मार्ग सुचवून झाले होते. आमच्याकडून निरोप असा की मुलाची शुद्धी करून घ्या, वैदिक पद्धतीने लग्न लावू. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायचं तर दोघंही हिंदू असावे लागतात, म्हणून ही खटपट. बाबा म्हणाले, "नावापुरतं रे. पुढे तू काय करतोस ते कोण बघायला येतंय?" तो आमच्या पडवीत बसला होता, हातात चहाचा कप तसाच. म्हणाला, "काका, नावापुरतं कसं करू? तुमच्या देवाम्होरं मी खोटा बोलान काय?" बाबा गप्प झाले. मला वाटतं, त्या दिवशी तो बाबांना पहिल्यांदा आवडला, पण हे त्यांनी आजपर्यंत बोलून दाखवलेलं नाही.

त्याच्याकडची वाट वेगळी होती. मी त्याच्या गावच्या फादरांना भेटले. माझी समजूत होती की चर्चमध्ये लग्न म्हणजे आधी माझा बाप्तिस्मा. तसं नाही. फादरांनी नीट समजावून सांगितलं. बिशपांची परवानगी काढली तर बाप्तिस्मा न घेतलेल्या व्यक्तीशी कॅथलिक माणसाचं लग्न चर्चमध्ये लागतं. मला काहीही बदलावं लागत नाही, कशावर सहीही करावी लागत नाही. वचन त्याने द्यायचं असतं, की होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी तो आपल्याकडून होईल ते सगळं करील. त्याने असं वचन दिलं आहे एवढं फक्त मला सांगितलं जातं. फादर काही लपवत नव्हते, गोड बोलून गळी उतरवत नव्हते. पण घरी येताना मोटारसायकलवर मागे बसून मी तेवढाच विचार करत होते. माझी सही लागत नाही हे खरं, पण ते मूल माझंही असणार ना? शुद्धीला तो तयार नाही, मग जन्मालाही न आलेल्या मुलाबद्दल परस्पर वचन दिलं जातं हे मी कसं मान्य करू? आमचं त्यावर खरंखुरं भांडण झालं, आठवडाभर फोन बंद होता. शेवटी तोच म्हणाला, "आपण सरकारी लग्न करू. मुलांचं तेव्हाचं तेव्हा, दोघांनी मिळून."

यात त्याने काय सोडलं, ते मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

विशेष विवाह कायदा 1954 चा. वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना आपापला धर्म ठेवून सरकारी लग्न करता येतं ते या कायद्याने. मुलगा 21 चा, मुलगी 18 ची, दोघांपैकी कुणाचं आधीचं लग्न टिकून नसावं, निषिद्ध नात्यातले नसावेत, आणि संमती देता येईल अशी मनाची स्थिती असावी. अटी एवढ्याच. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहत असला पाहिजे. शाळा सोडल्याचे दाखले, आधार, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, फोटो, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं होतं. कायद्याला जोडलेल्या नोटिशीच्या नमुन्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता आणि किती काळ राहता, इतकंच विचारलंय. धर्माचा रकाना त्यात नाही. मी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं होतं.

पण ती नोटीस फलकावर लागते, आणि 30 दिवस कुणालाही हरकत घेता येते. काचेच्या कपाटात, गंजलेल्या टाचण्यांनी लावलेल्या चार-पाच नोटिशी, त्यातली एक आमची. आमचे फोटो, घरचे पत्ते, सगळं उघडं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी काचेवरून मोबाइलने घेतलेला फोटो आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. काचेवर उजेड पडला होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता, आडनाव मात्र स्पष्ट दिसत होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये असं म्हटलं होतं की ही नोटीस जाहीर करायची की नाही ते जोडप्याने ठरवावं. आमच्या वकीलबाईंनी ते सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण आपल्याकडे नोटीस लागते. मनाची तयारी ठेवा."

तो हिवाळाही तसाच होता. राज्यभर मोर्चे निघत होते, धर्मांतरविरोधी कायदा करा अशी मागणी होती. 13 डिसेंबर 2022 ला सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमण्याचा निर्णय काढलेला. मूळ निर्णयात आंतरजातीय लग्नंसुद्धा होती, ओरड झाल्यावर ती दोन दिवसांत वगळली. आंतरधर्मीय तेवढी राहिली. म्हणजे आम्ही.

फोटो फिरल्यावर पाचव्या दिवशी संध्याकाळी पाच तरुण घरी आले. त्यातला एक माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा भाऊ, लहानपणी आमच्या परसातल्या जांभळीवर चढणारा. अंगावर येऊन बोलले नाहीत, हे मी सांगितलंच पाहिजे. चपला बाहेर काढून, पाणी पिऊन बसले. पण बोलले ते सगळं बाबांशी. "काका, ताईवर दबाव आहे का? काही आमिष दाखवलंय का? धर्मांतर कधी करणार आहेत?" मी तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी म्हटलं, "धर्मांतर होणार नाहीये. विचारायचं तर मला विचारा." मैत्रिणीच्या भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाबांना म्हणाला, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, काका."

पुढल्या आठवड्यात पोलिसांकडून बोलावणं आलं. कुणीतरी अर्ज दिला होता. गुन्हा नव्हता, फक्त जबाब. महिला कॉन्स्टेबलने मला वेगळ्या खोलीत बसवलं, तेही बरंच केलं. तिने विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?" मी खरं ते सांगितलं. लग्न करू नको असा दबाव आहे, त्याला हिंदू कर असा आहे, चर्चमध्ये लग्न कर असाही आहे. ज्याच्याशी लग्न करतेय, फक्त त्याचाच नाही. तिने पेन थांबवलं आणि म्हणाली, "हे सगळं लिहू?" मी म्हटलं, लिहा. तिने ओळ न् ओळ लिहिलं, वाचून दाखवलं, माझी सही घेतली. त्या महिन्यात माझं बोलणं माझ्याच शब्दांत कागदावर उतरवून घेणारी ती एकटीच.

मी कायदे वाचायला लागले ते तेव्हापासून. पतपेढीत दुपारी काम कमी असतं. ओडिशाचा कायदा 1967 चा, मध्य प्रदेशचा 1968 चा. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात निकाल लागला, की घटनेच्या 25 व्या कलमातला धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. इथपर्यंत मला पटतं. जबरदस्तीने, फसवून कुणाचा धर्म बदलणं वाईटच, त्यात हिंदू-ख्रिस्ती असं काही नाही. पण कोकणच्या वर गुजरातचा 2003 चा कायदा, खाली गोवा ओलांडला की कर्नाटकचा 2022 चा. कर्नाटकच्या कायद्यात धर्म बदलण्याच्या किमान 30 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, बदलल्यावर 30 दिवसांत पुन्हा कळवायचं, आणि जबरदस्ती झाली नाही हे आरोपीनेच सिद्ध करायचं. तेही एकवेळ राहो. शिक्षेच्या कलमापाशी मात्र मी अडखळले. एरवी शिक्षा तीन ते पाच वर्षं. पण धर्मांतर अल्पवयीन मुलाचं असेल, मनोरुग्णाचं असेल, स्त्रीचं असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचं असेल, तर तीन ते दहा वर्षं.

अल्पवयीन, मनोरुग्ण, स्त्री. एका ओळीत.

मी 29 वर्षांची. लोकांच्या कर्जाच्या फायली तपासते, कुणाला किती द्यायचं यावर माझा शेरा असतो, संचालक मंडळ तो मान्य करतं. आणि मी देव कुठला मानायचा हे ठरवलं, तर कायदा आधी हे धरून चालतो की मला कुणीतरी फूस लावलीय. कडक शिक्षा आमच्या रक्षणासाठी आहे हे मला कळतं. पण ज्याचं रक्षण करायचं त्याचं ऐकायचं नाही, असं या रक्षणात आपोआप होऊन जातं. घरी आलेल्या त्या मुलाने दुसरं काय केलं? तो काही वाईट मुलगा नाही. त्याच्या डोक्यात ती ओळ आधीपासून होती. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जून 2023 मध्ये तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं, तोवर आमचं लग्न होऊन गेलं होतं. महाराष्ट्रात तसा कायदा तेव्हा नव्हता, फेब्रुवारी 2024 मध्ये हे लिहिते आहे तोवरही नाही. मागणी आहे.

आणि आमच्याच कोकणातली पूर्वीची माणसं बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. कित्येक वर्षं हिंदूच राहिल्या, ताटातूट सोसली, मग परत संसारात आल्या आणि पटलं तेव्हा स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. एकोणिसाव्या शतकातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला ठरवता येत होतं. आधी नाही म्हणायचं ठरवलं, मग हो म्हणायचं.

28 व्या दिवशी, 6 फेब्रुवारीला, हरकत दाखल झाली. माझ्या सख्ख्या काकांनी घेतली.

काकांबद्दल मी विचार करून लिहिते आहे. त्यांनी मला सायकल शिकवलीय. त्यांच्याच मांडीवर बसून मी देवापुढचं गाऱ्हाणं ऐकलं, "होय म्हाराजा" म्हणायला शिकले. आमची कुलदेवता शांतादुर्गा. मूळ केळशीची. पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा तिला तिथून हलवलं, फोंड्यात कवळ्याला आणलं. ही गोष्ट आमच्या घरात पूजेच्या वेळी अशी सांगतात, जशी गेल्या वर्षी घडलीय. काका नोटिशीनंतर पहिल्यांदा आले तेव्हा हेच म्हणाले. "देवीक रातोरात न्हंयपार आणल्यानी, ता कित्याक? तुझ्यासारख्यांनी परत थंयच जावचा म्हणान?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या भीतीला मी हसणार नाही. ती चारशे वर्षं जुनी आहे आणि खरी आहे. मी एवढंच म्हटलं की त्याचेही पूर्वज त्याच गोव्यातून इकडे आलेत, त्यांच्यावर काय गुजरलं असेल ते तरी आपल्याला कुठे माहीत? काकांनी मान फिरवली.

पण हरकतीनंतर चार दिवसांनी चुलतभाऊ आला आणि त्याच्या हातात स्टँप पेपर होता. टाइप केलेलं हक्कसोडपत्र. आमची जमीन सामाईक, सातबारावर सतरा नावं, त्यात हापूसची कलमं आणि घाटीजवळची काजूची वरकस. मी सही केली तर काका हरकत मागे घेतील, असा निरोप.

इथे कायद्याची एक गाठ आहे, ती मला आधी ठाऊक नव्हती. विशेष विवाह कायद्याचं 19 वं कलम सांगतं की एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली लग्न केलं की तो त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जातं. पुढे दोघंही हिंदू असतील तर हे लागू नाही अशी दुरुस्ती 1976 मध्ये झाली, पण आमच्यासारख्यांना ते लागतंच. काकांना कुणीतरी सांगितलं होतं की वेगळी झाली म्हणजे हिस्सा गेला. तसं नाही. वकीलबाईंनी कागदावर रेघ मारून दाखवलं: कुटुंबातून वेगळी होशील, पण लग्नाच्या दिवशी जो हिस्सा तुझा आहे तो तुझाच. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच वाटेकरी आहे. फरक पडतो तो पुढे. माझ्यामागे माझी मिळकत हिंदू वारसा कायद्याने जाणार नाही, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जाईल, म्हणजे नवऱ्याला आणि मुलांना. काकांच्या पोटातला गोळा तो होता. कलमांच्या बागेत उद्या किरिस्तांवाचं नाव लागणार.

मी असं मुळीच म्हणत नाही की देवीचं सांगणं खोटं आणि जमीन तेवढी खरी. दोन्ही खरं होतं, एकाच माणसाच्या मनात. पण बाहेर बोलायचं ते धर्माचं, आणि कागद पुढे करायचा तो जमिनीचा, हे मला लागलं. बाबा खाली बघत होते. "बघ, तुला काय वाटतं ते," एवढंच म्हणाले.

बोलली ती आई. आई आमच्या घरात असल्या बैठकीत कधी बोलत नाही. ती स्वयंपाकघरातून आली, ओल्या हाताने स्टँप पेपर उचलला आणि चुलतभावाला परत दिला. म्हणाली, "ही सही करूची नाय." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर: "मी केलंय. तुझ्या मामांनी साडी दिली, मी सही दिली. आता माहेरी गेलंय तर पाव्हणी." आईने हक्कसोड दिलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. ती साडी मला आठवते, मोरपिशी. आईने ती कधी नेसलेली आठवत नाही. चुलतभाऊ गेला. कागदावर आईच्या बोटांचे ओले डाग तसेच होते.

21 फेब्रुवारीला हरकतीची चौकशी झाली. हरकत आली की विवाह अधिकाऱ्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमच्या अधिकाऱ्यांनी आवाज चढवला नाही, उगाच काही विचारलं नाही. काकांच्या अर्जात लिहिलं होतं, "मुलीवर दबाव आणून तिचे धर्मांतर करण्यात येत आहे." अधिकारी म्हणाले, हरकत फक्त कलम 4 मधल्या अटींवर घेता येते, एकेक विचारतो. मुलगा 21 च्या खाली आहे? नाही. मुलगी 18 च्या खाली? नाही. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालंय? नाही. जवळचं नातं? नाही. मग त्यांनी पुढचं वाचलं, "मनोविकृतीमुळे विधिग्राह्य संमती देण्यास असमर्थ..." आणि थांबले. "तुमच्या पुतणीची मानसिक स्थिती ठीक आहे ना?"

काका माझ्याकडे बघत राहिले. त्या खोलीत पंखा होता, त्याचं एक पातं घासत होतं, तेवढाच आवाज. त्यांनी "नाही" म्हटलं असतं तर डॉक्टर, दाखले, तारखा, सगळं लांबलं असतं. कुणीतरी त्यांना ते शिकवूनही पाठवलं असेल. काका म्हणाले, "ठीक आसा. हुशार आसा ती."

ते उत्तर कारकुनाने लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर आमच्या गावाकडची एसटी एकच, साडेचारची. स्टँडवर सिमेंटच्या बाकड्यावर मी एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. मधे माझं प्लास्टिकचं फोल्डर. होणारा नवरा दुचाकीने आला होता, त्याला मी पुढे जा म्हणून सांगितलं. पाऊण तास कुणी बोललं नाही. गाडी लागली तेव्हा काकांनी माझं फोल्डर उचलून घेतलं आणि न बघता विचारलं, "मगे देवळात येतलंस मा?"

"येतलंय," मी म्हटलं.

आठवड्याने हरकत फेटाळल्याचा लेखी निर्णय मिळाला. हरकत वाजवी नसेल, सद्‌भावनेने घेतलेली नसेल, तर हरकत घेणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत खर्च भरायला लावता येतो अशी तरतूद आहे. मी मागितला नाही. माझ्या मते काकांची हरकत कायद्यात बसणारी नव्हती, पण सद्‌भावना अजिबात नव्हती असं मला शपथेवर सांगता आलं नसतं.

लग्नाची तारीख मिळाली 15 मार्च. आणि 14 मार्चपासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते, पुन्हा पहिल्यापासून: पुन्हा फलक, पुन्हा 30 दिवस. आमची मुदत 9 एप्रिलला संपत होती. संप सात दिवस चालला, 20 मार्चला मिटला. 22 ला गुढीपाडवा. 24 मार्चला, शुक्रवारी, आमचं लग्न लागलं.

त्याच्या आईला, मी तिला माय म्हणते, हे दिवस मुळीच पसंत नव्हते. "करेज्मात लगीन? लोक काय म्हणतले?" ईस्टर 9 एप्रिलला होता, त्याआधीचे चाळीस दिवस कॅथलिक घरात लग्न, वाजंत्री काही करत नाहीत. ती आली नाही, पण सकाळी त्याच्या धाकट्या भावाबरोबर डब्यात भरून सान्नां पाठवली. तीन साक्षीदार लागतात. त्याचा तो भाऊ, माझी पतपेढीतली मैत्रीण आणि आई. आईने आधारकार्डावरचं नाव बघून बघून सही केली, एकेक अक्षर. आम्ही दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य म्हटलं. मी ते मराठीत म्हटलं, आवाज फुटत नव्हता, अधिकारी म्हणाले, सावकाश म्हणा, घाई नाही. बाबा गाडीत बसून होते. सह्या झाल्यावर वर आले आणि दोघांच्या हातावर पेढा ठेवला.

आता ते, जे मला उशिरा कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी त्याच्याबरोबर मिस्साला गेले, मागच्या बाकावर बसले. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली, एकेक रांग उठून पुढे जाऊ लागली. आमची रांग उठली. माय उठली, भाऊ उठला. तो बसून राहिला. गुडघे आत घेऊन त्याने इतरांना वाट करून दिली. मी विचारलं, तू का जात नाहीस? तो म्हणाला, चर्चच्या दृष्टीने आपलं लग्न झालेलंच नाही, म्हणून मला घेता येत नाही. आठ वर्षांचा असल्यापासून तो दर रविवारी घेत आलेला. पूर्ण वर्षात, पडवीत, स्टँडवर, कुठेही त्याने हे मला सांगितलं नव्हतं. मी धर्म सोडायचा नाही म्हणून इतकी भांडले, आणि माझ्यासाठी त्याने त्याच्या धर्मातली सगळ्यात जवळची गोष्ट मुकाट्याने बाजूला ठेवली होती. त्यासाठी हरकत नाही, चौकशी नाही, पोलीस नाही.

फादर म्हणतात मार्ग आहे. बिशपांकडे अर्ज करून हे लग्न चर्चमध्ये मान्य करून घेता येतं. पण वचन तेच, मुलांबद्दलचं. अर्जाचा कोरा नमुना आमच्या कपाटात माझ्या विवाहाच्या दाखल्याखाली आहे. मी म्हटलं, कर सही. तो म्हणतो, तू मनापासून म्हणत नाहीस. खरंच आहे ते. मला त्याला त्या रांगेत उभं बघायचंय, आणि ते वचन मला अजून गिळत नाही.

गणपतीला मी माहेरी गेले. तो गणपतीवरची माटवी बांधायला आला, काकांनी त्याला सुतळी धरायला सांगितलं, एवढंच, पण सांगितलं. नाताळात आई करंज्या घेऊन मायकडे गेली.

आणि आता फेब्रुवारी 2024. आम्हाला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी नर्स जन्मनोंदणीचा फॉर्म भरत होती. आईचं नाव, बापाचं नाव, आईचं शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, सगळं पटापट. मग तिने विचारलं, "कुटुंबाचा धर्म?" मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मी म्हटलं, दोन लिहिता येतील? ती म्हणाली, रकाना एकच आहे हो ताई. माय पाळण्याशी उभी होती, माझी आई खिडकीपाशी, दोघीही बाहेर बघायला लागल्या. नर्स चांगली होती. तिने तेवढी जागा पेन्सिलीने टिंब देऊन मोकळी सोडली आणि म्हणाली, नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, विचार करून सांगा.

आज सोळावा दिवस आहे. मुलगी आता जागी झालीय, मला उठायला हवं.